कॅम्परची खिडकी पुन्हा पुन्हा का अडकते आणि ती कायमची मोकळी कशी करायची

कॅम्परची, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेल्या गाडीची, खिडकी अडकली की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, जे हाताशी असेल ते चॅनेलमध्ये, म्हणजे काच सरकते त्या खाचेत, सोडलं जातं. खिडकी लगेच सरकतेही. पंधरा-वीस दिवसांनी तीच खिडकी आधीपेक्षा घट्ट होते, मग पुन्हा तेल. असे दोन पावसाळे गेले की जोर लावताना लॅच तुटतो किंवा काच फुटते, आणि अख्खी खिडकी बदलायची वेळ येते.

अडकायची कारणं मोजकीच आहेत. चॅनेलमध्ये चिखल बसलेला असतो, रबर चिकटलेलं असतं, फ्रेम दाबली गेलेली असते किंवा पाणी साचून राहिलेलं असतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि तेल यातल्या एकावरही चालत नाही. उलट सरकत्या खिडकीच्या चॅनेलमध्ये जो केसाळ फेल्ट असतो तो तेल पितो, तेलाला धूळ चिकटते आणि त्याची काळी लांबी, म्हणजे पुट्टीसारखा चिकट लगदा, तयार होते. खराट्याच्या हिराने ती उकरून बघा. बोटांत चोळली तर आधी बुळबुळीत लागते, मग आत बारीक रेती कचकचते. ही रेती काचेच्या कडेला आणि ॲल्युमिनियमला रोज घासत असते. शिवाय खनिज तेलाने खिडकीचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि जास्तच धरून ठेवतं.

सातारा-सांगलीकडे हा त्रास जास्त होतो, कारण इथे गाडी एकाच आठवड्यात तीन वेगळ्या मुलखांतून फिरते. कास, बामणोली, महाबळेश्वरकडे जांभ्याची लाल माती आणि चार महिने पाऊस-धुकं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माण-खटाव, जत-आटपाडीकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि तिथली धूळ कोरडी, पिठासारखी. मध्ये कृष्णाकाठी, कऱ्हाड-वाळवा-पलूस पट्ट्यात, गळीत हंगामात पेटवलेल्या पाचटाची काळी राख उडते. हे सगळं एकाच फेल्टमध्ये जाऊन बसतं. पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो चिखल विटेसारखा वाळतो.

आधी खिडकी कधी अडकते ते पाहा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन दिवस नुसतं निरीक्षण करा. निम्मं निदान तिथेच होतं.

पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर घट्ट होते आणि दोन दिवस ऊन लागलं की सुटते, असं असेल तर फेल्ट ओला राहतो आहे. म्हणजे चॅनेलमधलं पाणी बाहेर जायची भोकं बुजली आहेत. तिथे चॅनेल कितीही साफ केला तरी भोकं मोकळी केल्याशिवाय उपयोग नाही.

सकाळी मोकळी आणि दुपारी घट्ट, हे ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, खिडकीचं लक्षण. ॲक्रिलिक तापलं की मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतं. ९०० मिलिमीटरचं पान पहाटे १५ अंशांवर असेल आणि दुपारी उन्हात ४५ अंशांवर गेलं तर जवळजवळ २ मिलिमीटर लांब होतं. काच तेवढ्याच तापमानात पाव मिलिमीटरही धड वाढत नाही. म्हणून काच काढून त्याच मापाचं ॲक्रिलिक बसवून घेतलं असेल तर ते उन्हाळ्यात अडकणारच. त्या पानाची लांबी २ ते ३ मिलिमीटरने कमी करून घ्या.

नुसतं पहिल्यांदा उघडताना अडतं, फट्‌ असा आवाज येऊन सुटतं आणि मग दिवसभर नीट चालतं, तर रबर चिकटलेलं आहे. दरवेळी एकाच जागी येऊन थांबत असेल तर तिथे खडा आहे, वर आलेलं स्क्रूचं डोकं आहे किंवा तेवढ्यापुरती फ्रेम दाबली आहे.

आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. गाडी उभी कशी आहे? एक चाक दगडावर किंवा खड्ड्यात असेल तर लांब बॉडी किंचित पिळते आणि तिच्याबरोबर खिडकीची चौकटही. यवतेश्वरच्या घाटात कडेला लावलेल्या गाडीची खिडकी अडली म्हणून ती लगेच खोलायला घेऊ नका. सपाट जागी आणून पुन्हा बघा.

सरकती काच: साफसफाईचा क्रम

ट्रॅव्हलर किंवा मिनीबसच्या बॉडीवर केलेल्या कॅम्परमध्ये बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियम फ्रेममधली सरकती काचच असते. तिचं बहुतेक दुखणं साफसफाईने जातं, मात्र क्रम चुकवायचा नाही.

कोरडं काम आधी. कोरड्या मातीवर पाणी टाकलं की ती फेल्टच्या मुळाशी जाऊन बसते. काच एका टोकाला सरकवा, उघडा पडलेला चॅनेल हिराने आणि जुन्या टूथब्रशने मोकळा करा, व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग काच दुसऱ्या टोकाला नेऊन उरलेली बाजू करा. पंक्चरवाल्याकडची हवा या पायरीला मारू नका. जवळून मारलेल्या हवेने माती आणखी आत जाते आणि जुना फेल्ट गोंदापासून उचलला जातो.

मग धुणं. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली, भांडी घासायचं लिक्विड घाला. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई लावायची नाही. सिरिंजने चॅनेलमध्ये पाणी सोडा, टूथब्रशने एकाच दिशेने घासा, पुन्हा सोडा. आधी लाल गढूळ पाणी येतं, मग काळे धागे येतात. ती जुन्या तेलाची लांबी. तीन फुटी खिडकीला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका आणि शेवटी साध्या पाण्याने साबण काढून टाका. काळी लांबी निघत नाही म्हणून पेट्रोल, रॉकेल, थिनर वापरू नका. त्याने फेल्टचा गोंद सुटतो आणि रबर फुगतं. साबणाच्या पाण्याचे दोन-तीन हात जास्त मारा.

बोअरच्या पाण्याने गाडी धुतली जात असेल तर चॅनेलच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर दिसेल. त्यावर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावा, पाच मिनिटं ठेवा, घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. ॲल्युमिनियमवर ते जास्त वेळ राहू द्यायचं नाही.

आता भोकं. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर बाहेरून, बहुतेक दोन्ही टोकांकडे, बारीक फटी किंवा भोकं असतात. चॅनेलमध्ये आलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती मातीने बुजतात, आणि गाडी महिनाभर उभी असेल तर कुंभारीण माशी आपलं मातीचं घर नेमकं तिथेच बांधते. तिची माती कडक असते. पाण्याने दहा मिनिटं भिजवा, मग मासेमारीचा जाड तंगूस आत घालून फिरवा. खिळा किंवा तार घालू नका. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खरवडला की तिथूनच पांढरी भुकटी धरायला लागते. कधी कधी खिडकी बसवताना किंवा गळती थांबवताना फ्रेमच्या खालच्या कडेने सीलंटची सरसकट रेघ ओढलेली असते आणि त्याखाली भोकं कायमची बंद झालेली असतात. अशी रेघ दिसली तर भोकांपुरती ब्लेडने कापून काढा. झाल्यावर चॅनेलमध्ये अर्धा कप पाणी ओता. मिनिटाभरात बाहेरून निघून गेलं पाहिजे. आत थबकलं तर अजून कुठेतरी अडथळा आहे.

यानंतर काच अर्धी उघडी ठेवून किमान तीन-चार तास उन्हात वाळू द्या. ऊन नसेल तर रात्रभर पंखा. फेल्ट ओला असताना वंगण लावलं तर सगळी मेहनत वाया जाते, आणि घाई होते ती नेमकी इथेच.

वंगण कोरडं हवं. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे सगळ्यात चांगला, तो नसेल तर शुद्ध सिलिकॉन स्प्रे. डबा हलवा, बारीक नळी लावा, चॅनेलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच पातळ हात फिरवा. दोन-तीन सेकंद पुरतात. काच दहा वेळा मागे-पुढे करा, काचेवर आलेला ओघळ कोरड्या फडक्याने पुसा, दहा मिनिटांनी दुसरा पातळ हात. ग्रीस नको. कुलपात घालतात ती ग्रॅफाइटची पूडही नको. ॲल्युमिनियमला ओलाव्यात ग्रॅफाइट लागलं की तो धातू खायला सुरुवात होते. मेणबत्ती घासणं प्रवासात एका रात्रीपुरतं ठीक आहे, पण उन्हाने मेण मऊ पडून धूळ धरतं, म्हणून घरी आल्यावर ते काढून टाका.

खिडकीच्या भोवती सीलंटचं काही काम बाकी असेल तर ते सिलिकॉन स्प्रेच्या आधी उरका. सिलिकॉन उडालेल्या जागेवर नंतर ना सीलंट चिकटतं ना रंग.

फेल्ट गेला असेल तर

केस झडून खालची पट्टी दिसायला लागली, फेल्ट हाताला पुठ्ठ्यासारखा कडक लागला किंवा कोपऱ्यात गोळा होऊन बसला, तर साफसफाईत वेळ घालवू नका, बदला. मोटारकाचेच्या किंवा बॉडीच्या सामानाच्या दुकानात तो लांबीवर मिळतो, पण नुसतं तोंडी माप सांगून मिळेलच असं नाही. जुन्या चॅनेलचा दोन इंचाचा तुकडा कापून सोबत न्या आणि काचेची जाडी व्हर्नियरने मोजून लिहून घ्या. ४ आणि ५ मिलिमीटरच्या काचेत डोळ्याला फरक कळत नाही. चुकीचा फेल्ट बसवला तर एक तर काच खडखडते किंवा पुन्हा अडकते. ९०० बाय ४५० मिलिमीटरच्या खिडकीला चारी बाजू मिळून २.७ मीटर लागतो. ३ मीटर घ्या.

काच काढताना दुसरा माणूस हवाच. बऱ्याच सरकत्या खिडक्यांत वरचा चॅनेल खालच्यापेक्षा खोल असतो. काच सरळ वर उचलली की खालची कड मोकळी होते आणि तळाकडून आत ओढून घेता येते. उचलून सुटत नसेल तर आतून एखादी पट्टी स्क्रूने बसवलेली असते, ती शोधा. ही काच टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली असते. ती मध्यावर बऱ्यापैकी मार सोसते, पण कड फरशीवर नुसती टेकली तरी अख्खी काच चुरा होऊ शकते. खाली दुमडलेलं घोंगडं किंवा गोणपाट अंथरा आणि हातमोजे घाला. काच घट्ट बसते म्हणून कडेने घासून घ्यायचा विचारही करू नका. टफन केलेली काच नंतर कापता, घासता येत नाही. नवीनच लागली तर आयएस २५५३ ची खूण असलेली, मापाने तयार करून घ्या.

जुना फेल्ट काढल्यावर खालचा गोंद प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. नवीन फेल्टला गोंद दर १५ सेंटिमीटरवर एक थेंब एवढाच. सरसकट लावला तर दाबताना तो वर येतो आणि केस एकमेकांना चिकटतात. नवा फेल्ट बसवताना पाण्याची भोकं झाकली जात नाहीत ना, हे बघा.

फ्रेम दाबली गेली असेल तर

सगळं साफ आहे, फेल्ट नवा आहे, तरी काच मध्येच जड होते. अशा वेळी चॅनेलची आतली रुंदी दर १० सेंटिमीटरवर मोजा. कुठेही अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक आला तर फ्रेम चिमटली आहे. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. त्यांत ३ मिलिमीटरच्या वर फरक असेल तर चौकटच तिरकी बसली आहे आणि ती उतरवून पुन्हा बसवावी लागेल.

चिमटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फ्रेमला आतून भिंतीशी आवळून धरणारी रिंग ड्रिल मशीनने आवळलेली असणं, किंवा भिंतीचं प्लाय पाणी पिऊन फुगलेलं असणं. तपासायचं सोपं आहे. आतल्या रिंगचे सगळे स्क्रू अर्धा-अर्धा आटा सैल करा, एकच नको, सगळे. काच लगेच हलकी झाली तर दोष सापडला. आता हाताच्या स्क्रूड्रायव्हरने, चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने घट्ट करा. दर फेरीनंतर काच सरकवून बघा आणि जड वाटायला लागली की तिथेच थांबा. बाहेरच्या कडेला ब्यूटाईल टेप (फ्रेमखालची पाणी अडवणारी चिकट पट्टी) किंचित दाबून बाहेर आलेली दिसली की पुरे. दोन दिवसांनी पुन्हा तपासा, कारण टेप बसल्यावर एखादा स्क्रू सैल पडतो.

प्लाय फुगलं असेल तर नुसतं सैल करून भागत नाही, पुढच्या पावसात ते पुन्हा दाबणार. फ्रेम उतरवा, कापलेल्या भोकाची कड चारी बाजूंनी २-३ मिलिमीटर तासा, पूर्ण वाळू द्या आणि उघड्या कडेला पीयूचे (पॉलियुरेथेनच्या लेपाचे) दोन हात द्या. प्लाय बदलायचंच असेल तर आयएस ७१० चं मरीन प्लाय घाला. जुने लोखंडी स्क्रू गंजले असतील आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसत असेल तर स्टेनलेसचे घाला, प्रत्येकाला सीलंटमध्ये बुडवून.

वर उघडणारी ॲक्रिलिकची खिडकी

इथे सगळ्यात जास्त नुकसान जोर लावल्याने होतं. आधी सगळे लॅच मोजा. बऱ्याच खिडक्यांत लॅचला दोन खाचा असतात, एक पूर्ण बंद आणि एक हवा खेळण्यापुरती फट ठेवणारी. पडद्याआडचा एखादा लॅच दुसऱ्या खाचेत अडकलेला असतो आणि बाकीची खिडकी आपण ढकलत असतो. बंद होत नसेल तर टेकूचा हात पाहा. टप्प्याटप्प्याने कट्‌कट्‌ वाजत उघडणारा हात खाली ओढून सुटत नाही. खिडकी आधी पूर्ण वर न्यायची, तेव्हा तो सुटतो आणि खाली येतो. मधूनच खाली दाबली तर हात वाकतो, नाहीतर ॲक्रिलिकमध्ये बसवलेली त्याची बैठक निघून येते.

लॅच सगळे मोकळे आहेत आणि तरी उघडत नाही, म्हणजे रबराने धरलं आहे. बाहेरून रबराच्या रेषेवर कोमट पाणी, अंगावर घेता येईल एवढंच गरम, पाच मिनिटं सावकाश सोडा. मग तंगूस दोन्ही हातांत धरून एका कोपऱ्यातून रबर आणि पानाच्या मध्ये घाला आणि करवतीसारखा हलवत पुढे न्या. दुसऱ्याने आतून खालच्या कडेला तळहाताने सारखा दाब द्यायचा, धक्के नाहीत. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर कडेला चीर जाते, आणि चीर गेलेलं दुहेरी पान दुरुस्त होत नाही. उकळतं पाणी आणि हीट गन दोन्ही वर्ज्य.

खिडकी उघडल्यावर रबर साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि मेडिकलमध्ये मिळणारं ग्लिसरीन फडक्याला लावून पातळ चोळा. अर्ध्या तासाने जास्तीचं पुसा. वर शंखजिऱ्याची साधी पूड, पंक्चरवाले ट्यूबला लावतात ती, बोटाने चोळून झटकून टाका. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे यातलं काहीही ॲक्रिलिकला लागू देऊ नका. त्याच दिवशी काही दिसणार नाही, पण नंतर कडेपासून केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पसरतं आणि ते मागे फिरत नाही. सिलिकॉन स्प्रेमध्येही असे द्रव असू शकतात, म्हणून तो थेट न मारता फडक्यावर घेऊन फक्त रबराला लावा.

रात्री आत झोपण्याआधी

गॅसची शेगडी आणि बॅटरी असलेल्या गाडीत माणसं झोपतात, म्हणून निदान एक खिडकी संकटात बाहेर पडायला एका हाताने, आतून, अंधारात उघडली पाहिजे. टफन काच आपत्कालीन हातोडीने कोपऱ्यात मारून फुटते. ॲक्रिलिक तसं फुटत नाही आणि लॅमिनेटेड काचही तडकून जागीच राहते. त्यामुळे ॲक्रिलिकची खिडकी हाच तुमचा बाहेरचा रस्ता असेल तर ती अडकलेली ठेवून मुक्कामाला जाऊ नका. लहान मुलाला उघडायला सांगून पाहा. त्याला जमत नसेल तर काम अजून बाकी आहे. खिडकीखाली सामान रचलेलं असेल तर तेही हलवा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर

जून ते सप्टेंबर सगळे लॅच गच्च आवळून गाडी शेडमध्ये लावली तर रबर चार महिने दबून तसंच बसतं आणि कोजागरीला खिडकी उघडत नाही. शेड कोरडी असेल तर लॅच हवेच्या खाचेत ठेवा. उघड्यावर असेल तर पूर्ण बंद करा, पण पंधरा दिवसांतून एकदा उघडीप बघून प्रत्येक खिडकी पूर्ण उघडा-मिटा आणि रबर पुसून पुन्हा शंखजिरे लावा. सरकत्या काचा त्याच वेळी टोकापासून टोकापर्यंत दोनदा फिरवा आणि अर्धा कप पाणी ओतून भोकं चालू आहेत का बघा. गळीत हंगाम संपला की, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, चॅनेलची कोरडी सफाई एकदा करून घ्या, म्हणजे वळिवाचा पहिला पाऊस राखेचा चिखल करायच्या आत ती बाहेर गेलेली असेल.